विनंती थांबा

ऑफिसात सगळे त्याला 'विनंती थांबा' म्हणत. हे नाव आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी ठेवलं होतं. साहेब, फोन कोणता घेऊ, टीव्ही कोणता घेऊ, मुलीला लॅपटॉप कोणता देऊ, अशी विनंती घेऊन कोणीही त्याच्या टेबलाशी गेलं की तो चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे बारीक करायचा आणि एकच शब्द बोलायचा. "थांबा." सहा महिन्यांत यापेक्षा चांगलं येतंय. सहा महिन्यांनी विचारलं तर आणखी सहा महिन्यांत आणखी चांगलं येत असायचं. "विनंती केली की थांबा मिळतोच," बाई म्हणायच्या, "आणि थांब्याचं काय असतं, सगळ्या बस त्याच्या समोरून निघून जातात. तो आपला जागच्या जागी."

हे नाव त्याच्या कानावर गेलं होतं. त्याला राग आला नाही. उतावळ्या माणसांना संयमाची चेष्टाच सुचते, असं त्याचं मत होतं, आणि ते त्यानं बाईंना जेवणाच्या सुट्टीत पंचवीस मिनिटं समजावून सांगितलं. बाईंचं जेवण गार झालं, पण नाव कायम राहिलं.

तो विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. ठोकलेली गाडी तपासायची, नुकसान किती, चूक कोणाची, दुरुस्त होईल की भंगारात जाईल ते लिहून द्यायचं, हे त्याचं काम. आणि खोटं कशाला बोला, ते तो फार चांगलं करायचा. बॉनेटला पडलेल्या चुण्या बघून गाडीचा वेग सांगायचा. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला होता की नुसते डोळे मिटले होते हे टायर बघून ओळखायचा. गॅरेजवाले त्याला वचकून असत. फक्त एक झालं होतं. सव्वीस वर्षं त्यानं चेंबलेल्या गाड्याच पाहिल्या होत्या. धुतलेली, धड चालणारी, चार माणसांना सुखरूप घरी नेणारी गाडी त्याच्या समोर तपासायला कधी आलीच नाही, त्यामुळे तशी गाडी असते यावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

नव्या गाड्यांना तो 'चाकं लावलेले मोबाईल' म्हणायचा. "पूर्वी आंधळ्यालाही एसीचं बटण सापडायचं," तो गॅरेजमध्ये उभा राहून सांगायचा. "आता डोळसाला सापडत नाही. रस्त्यावरची नजर काढायची, काचेवर बोट फिरवायचं, आणि मग माझ्याकडे यायचं." विजेच्या गाड्यांबद्दल म्हणायचा, "मोबाईल बंद पडला तर खिशात तरी राहतो. हा हमरस्त्यात राहतो." जुन्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, मोठ्या गाड्या म्हणजे मालकाच्या बुटकेपणावरचा उपाय, आणि छोट्या गाड्या म्हणजे स्कूटरला घातलेली टोपी. असं सगळ्या जगाला नाकानं कांदे सोलून दाखवल्यावर त्याच्या स्वतःच्या दारात काय होतं, तर काही नाही. त्याची बायको दोन हातांत दोन पिशव्या घेऊन बसला लोंबकळत घरी यायची, कारण लायक गाडी अजून बनायची होती.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ती एकदा पिशव्या ठेवता ठेवता म्हणाली.

"मुळात बैल घेण्यात घाई केली असणार त्यानं," तो म्हणाला.

फोनचंही तेच. मागच्या वर्षी पाठीवर तीन डोळे होते, यंदा चार, आणि फोटो काढायचा तो पुन्हा चहाच्या कपाचा. आत काय आहे ते दारावर दाखवणारा फ्रीज निघाल्याचं कळलं तेव्हा तो आठवडाभर खूश होता. "दार उघडलं की तेही कळतं," हे वाक्य त्यानं निदान चाळीस लोकांना ऐकवलं. गंमत अशी की त्याचं बहुतेक खरं असायचं. फोन खरोखर तसाच असायचा, फ्रीज खरोखर बिनडोक असायचा. माणूस सारखा बरोबर ठरत गेला की त्याला दुसरं काही करायची गरज वाटेनाशी होते, तसं त्याचं झालं होतं.

राजकारणाचं तर विचारूच नका. मत न देणारे त्याला अडाणी वाटत, म्हणून तो दर निवडणुकीला इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर जायचा, उमेदवारांची यादी ठोकलेल्या गाडीसारखी वरपासून खालपर्यंत तपासायचा आणि 'यातला कोणीच नाही' असं नोंदवून बाहेर यायचा. पहिला चोर. दुसरा पूर्वीचा चोर. तिसरा प्रामाणिक, पण बावळट. चौथी एक शिक्षिका, हुशार, पण अजून कच्ची. "पुढच्या वेळेपर्यंत तयार होईल ती," तो म्हणायचा. ती तयार व्हायची वाट न बघता पहिला पाच वेळा निवडून आला आणि गल्लीतल्या गटाराचं झाकण पाच वेळा त्याच्याच मेहुण्यानं बसवलं. शिक्षिका दोनदा पडली आणि पुन्हा शाळेत शिकवायला गेली. "बघा, टिकली नाही," हा म्हणाला.

या अख्ख्या जगात त्याला पसंत असलेली वस्तू एकच होती. त्याचा लहानपणचा टीव्ही गेम. करड्या रंगाचं खोकं, वायरीचे दोन कंट्रोल आणि एक कॅसेट. "पूर्ण झालेली वस्तू," तो म्हणायचा. त्या काळी खेळ पुरा करून विकत. आता अर्धा विकतात आणि उरलेला इंटरनेटवरून पाठवतात, तोही अर्ध्याच्या चुका दुरुस्त करायला. बेकरीवाल्यानं कच्चा पाव द्यावा आणि भट्टी मागाहून घरी पाठवावी, असा कारभार. जुन्या कॅसेटी सीलबंद कपाटात ठेवणारे शौकीन त्याच्या लेखी मूर्ख होते, आणि त्या नव्या सपाट टीव्हीवर खेळणारे त्याहून मूर्ख, कारण त्यावर बटण दाबल्यावर आतला माणूस उशिरा उडी मारतो. म्हणून त्यानं मागे पोट सुटलेला एक जुना टीव्ही जपून ठेवला होता. दर रविवारी सकाळी तो आणि अक्का त्याच्यासमोर बसत.

अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण, त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि याला अक्कानं वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. याच्यामुळे केलं नाही असं लोक म्हणत, ती म्हणायची, "मला कोणी पसंत पडला नाही," आणि विषय संपवायची. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं डोक्यावर हेडफोन चढवून तिनं परगावचे कॉल जोडून दिले. दोन्हीकडून खरखर, मध्येच तिसऱ्याचं बोलणं, आणि त्यातून ती नंबर, नाव, निरोप अचूक उचलायची. नेहमीचं गिऱ्हाईक नुसता श्वास घेऊन थांबलं तरी ती म्हणायची, "बोला डॉक्टर, घरी लावू का?" हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना तिची उदाहरणं देत. टीव्ही गेमही तिनंच आणला होता, हा बारा वर्षांचा असताना, आणि खेळायला दुसरं माणूस लागतं म्हणून स्वतः शिकली होती.

खेळात एक खाणकामगार कंदील घेऊन पळतो. मागून दगड घरंगळत येतो. तो दिसायच्या आधी दोन सेकंद बारीक घरघर ऐकू येते, तेवढ्यात उडी मारायची. अक्का त्या दगडाखाली कधी म्हणजे कधी सापडली नव्हती. मग एका रविवारी सापडली. पुढच्या रविवारी तीनदा सापडली.

"हात जड झाला तुझा," तो म्हणाला.

"वय झालं रे धाकट्या," अक्का म्हणाली.

महिनाभर तो तिच्या हाताची चेष्टा करत राहिला. टायर बघून ब्रेक ओळखणारा हा माणूस, शेजारी बसलेल्या बहिणीचं काय बिघडलंय ते त्याला ओळखता आलं नाही. ते बायकोच्या लक्षात आलं. "हात नाही, कान," ती म्हणाली. "दाराची बेल वाजते तेव्हा त्या माझ्याकडे बघतात, मी उठते का ते."

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान वयोमानानं उतरलेत, औषध नाही, मशीन लावा, चांगलं ऐकू येईल. लवकर घ्या, असंही ते म्हणाले. तिघं तसेच दुकानात गेले. दुकानदारानं एक साधं मशीन अक्काच्या कानात बसवून दिलं. ती दोन मिनिटं ऐकत राहिली. मग छताकडे बघत म्हणाली, "तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय हो." दुकानदार हसला, बायको हसली. अक्काचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

आणि यानं ते मशीन हातात घेऊन उलटंपालटं केलं. सेल चार दिवसांत संपणार. फोन कानाला लावला की शिट्टी वाजणार. गर्दीत सगळे आवाज सारखेच मोठे होणार. एकही मुद्दा खोटा नव्हता. "थांबा," तो म्हणाला. "चार्जिंगवालं येतंय पुढच्या वर्षी."

"तोवर हे तरी न्या," दुकानदार म्हणाला.

"तोवरच्या वस्तू मी घेत नाही."

पैशाचा प्रश्न नव्हता. अक्काचं पेन्शन होतं आणि हाही काही कंजूष नव्हता. कंजूष असता तर बरं झालं असतं, बोलून बोलून वळवता आला असता. बायको वाटेत चिडली, पण अक्कानंच तिला गप्प केलं. "तो बघतोय ना. त्याला कळतं त्यातलं." तिनं स्वतःच्या हातानं मशीन काढून डबीत ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी चार्जिंगवालं आलं. ते त्यानं पाहिलं आणि हसला. डबीचं झाकणच नीट बसत नव्हतं. त्यानंतरच्या वर्षी फोनला जोडलं जाणारं आलं, पण त्यासाठी फोन बदलायला लागत होता, आणि लायक फोन कुठे होता? मग गर्दीतला आवाज आपोआप दाबणारं येणार अशी बातमी आली. तो माहितीपत्रकं मागवत होता, तक्ते करत होता, तीन देशांतल्या कंपन्यांना चुका दाखवणारी पत्रं लिहीत होता. एका कंपनीनं आभार मानले तेव्हा त्यानं ते पत्र ऑफिसात फिरवलं. आवक-जावकच्या बाईंनी विचारलं, "आणि अक्कांना ऐकू यायला लागलं का?" तो म्हणाला, "यांनी बदल केला की लगेच."

घरात मात्र त्याची चैन झाली होती. बायको ऐकून घ्यायची नाही, मधेच उठून जायची. अक्का समोर बसून ऐकायची. रोज जेवताना तो गाड्या, फोन, मंत्री, गटाराचं झाकण, सगळ्यांची सालटी काढायचा आणि अक्का त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवायची. तो हसला की हसायची, तो चिडला की च्‌ च्‌ करायची. पूर्वी ती अधूनमधून म्हणायची, "अरे पण दुसरी बाजू असेल काहीतरी." आता तेही बंद झालं होतं. अक्काला आपलं म्हणणं हल्ली जास्त पटतं, असं तो बायकोला म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर वरमला असता.

एक्स्चेंजमधली अक्काची जुनी मैत्रीण भेटायला आली, ती वीस मिनिटांत उठली. तिनं नवरा गेल्याचं सांगितलं होतं आणि अक्का हसून म्हणाली होती, "छान, छान." नंतर बायकोनं कागदावर लिहून दाखवलं तेव्हा अक्का आपल्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवसापासून ती फोन उचलेना, दारात जाईना, कोणी आलं तर आत भांडी लावत बसे. रविवारचा खेळही सुटला. याचं म्हणणं, एकदा मशीन आलं की सगळं जागेवर येईल.

आणि तीन वर्षं चार महिन्यांनी ते खरंच आलं. त्यानं सगळीकडून तपासलं. चार्जिंग, शिट्टी नाही, गर्दी दाबतं, डबीचं झाकण टक्‌ करून बसतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला नाव ठेवायला जागा सापडली नाही. तो अक्काला आणि बायकोला टॅक्सीनं घेऊन गेला. वाटेत टॅक्सीलासुद्धा काही बोलला नाही, इतका तो आनंदात होता.

मशीन बसवून देणारी बाई तरुण होती आणि कमी बोलायची. तिनं दोन्ही कानांत मशीन घातलं, कॉम्प्युटरवर आवाज जुळवला. अक्का दचकली. खुर्ची सरकल्याचा, कागदाचा, रस्त्यावरच्या हॉर्नचा, सगळा आवाज तिला येत होता. हा बायकोकडे विजयानं बघत होता. मग त्या बाईनं तोंडासमोर एक पुठ्ठा धरला आणि म्हणाली, "मी एकेक शब्द म्हणते. तुम्ही तोच म्हणायचा."

"खिडकी," बाई म्हणाली.

"चिठ्ठी?" अक्का म्हणाली.

"जिना."

"पिना?"

पंचवीस शब्दांपैकी सात बरोबर आले. बाईनं आवाज वाढवून पुन्हा घेतले. आठ आले.

"मशीन नीट लावलंय ना तुम्ही?" त्यानं विचारलं.

"मशीन उत्तम आहे," बाई म्हणाली. "किती वर्षं ऐकू येत नव्हतं यांना?"

"तीन. सव्वातीन."

"मग तेव्हा का नाही आणलं?"

त्यानं सांगितलं. सेल, शिट्टी, झाकण, सगळं क्रमानं सांगितलं. बाईनं पूर्ण ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याच्या ओळखीचं होतं. भंगारात निघालेल्या गाडीच्या मालकाकडे तो स्वतः तसाच बघायचा.

"साधं, चार दिवसांत सेल संपणारं मशीन चाललं असतं," ती म्हणाली. "कान फक्त आवाज आत नेतो हो. त्यातला शब्द ओळखायचं काम डोक्याचं. तीन वर्षं शब्द आतच गेले नाहीत, तर ते डोकं सवय विसरतं. सराव केलात तर थोडं परत येईल. सगळं येईल असं मी सांगणार नाही."

"पण हे सगळ्यात चांगलं मॉडेल आहे," तो म्हणाला. 

"हो," बाई म्हणाली, "मॉडेल चांगलंच आहे." आणि तिनं सरावाच्या शब्दांची यादी बायकोच्या हातात दिली. त्याच्या हातात दिली नाही.

घरी आल्यावर त्यानं ती यादी बायकोकडून मागून घेतली. संध्याकाळी तो अक्कासमोर खुर्ची ओढून बसला. नियम सोपा होता. त्यानं तोंड हातानं झाकून शब्द म्हणायचा, अक्कानं तो परत म्हणून "बरोबर?" असं विचारायचं, त्यानं हो की नाही ते सांगायचं. दहाबारा शब्द झाले. दोन जमले. अक्का न कंटाळता ताठ बसली होती, एक्स्चेंजच्या खुर्चीत बसायची तशी.

मग तिनंच थांबवून विचारलं, "धाकट्या, इतकी वर्षं जेवताना काय सांगायचास रे रोज?"

त्यानं यादी मांडीवर ठेवली.

"मला कळायचं नाही काही," अक्का म्हणाली. "पण तू इतका मनापासून बोलायचास. मी म्हणायचे, काहीतरी महत्त्वाचं असणार. मशीन आलं की विचारू. आता सांग. हळूहळू सांग, एकेक शब्द."

त्यानं आठवून पाहिलं. तीन वर्षांत हजारावर जेवणं झाली होती. एकेक शब्द सुटा करून, ओरडून, तीनतीनदा म्हणून तिच्यापर्यंत पोचवावं असं एक वाक्य त्यातून निघेना. चाकं लावलेले मोबाईल. दार उघडलं की तेही कळतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे बायकोही ऐकत होती.

त्यानं तोंडावर हात ठेवला आणि म्हणाला, "चुकलं."

"सुकलं?" अक्का म्हणाली. "काय सुकलं? बरोबर?"

त्यानं मान हलवली. नाही. "चुकलं."

"उकडलं?" तिनं पंख्याकडे पाहिलं.

त्यानं तिसऱ्यांदा म्हटलं, चौथ्यांदा म्हटलं. हळू बोलून भागत नव्हतं आणि पुटपुटून तर नाहीच. शेवटी त्यानं तोंडावरचा हात काढला आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हटलं, "चु-क-लं. माझं."

अक्कानं डोळे मिटून घेतले. खरखरीतून नंबर उचलताना ती असेच मिटायची.

"चुकलं," ती म्हणाली. "माझं. बरोबर?"

"बरोबर," तो म्हणाला.

अक्कानं डोळे उघडले. मग यादीकडे बोट दाखवून म्हणाली, "हं. पुढचा घे."